मुक्कामी विमान

"बाबा, शेवटचं विचारते. कुठलं विमान घेऊ?" लेकीने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर त्यांच्याकडे वळवला. "रविवारपासून आपण हेच बघतोय, आणि आज शुक्रवार आहे."

कंट्रोलरांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, पडद्यावरची यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली आणि सहा चाळीसच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे रात्री कुठे झोपतं?"

"कोण?"

"विमान."

लेकीने आईकडे पाहिलं. आई टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून बॅटवरचं लाल रबर ओल्या फडक्याने पुसत होती. तिने मान वर केली नाही. चौतीस वर्षांच्या संसारात असले प्रश्न तिच्या अंगवळणी पडले होते.

कंट्रोलर म्हणजे बस डेपोतले वाहतूक नियंत्रक. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण शेजारीपाजारी, किराणावाला, एवढंच काय, घरी येणारा डॉक्टरही त्यांना कंट्रोलर याच नावाने हाक मारायचा. त्यांच्या लेखी जगातल्या गाड्यांच्या दोनच जाती. एक येणारी, दुसरी मुक्कामी. येणारी गाडी दुसऱ्या गावाहून निघते, वाटेत टायर फुटतो, पूल बंद असतो, ड्रायव्हरच्या पोटात दुखतं. तिचा काही नेम नाही. मुक्कामी गाडी मात्र रात्री आपल्याच आवारात झोपते, पहाटे धुऊनपुसून फलाटाला लागते आणि ठरल्या मिनिटाला सुटते. महत्त्वाच्या कामाला जाणाऱ्या माणसाने मुक्कामी गाडीनेच जावं, असा सल्ला त्यांनी हजारो माणसांना दिला होता आणि तो कधी फसला नव्हता.

आणि यावेळचं काम महत्त्वाचं होतं. त्यांची बायको टेलिफोन ऑफिसात असताना मधल्या सुट्टीत टेबल टेनिस शिकली होती. ऑफिस सुटलं, पण बॅट सुटली नाही. साठी ओलांडल्यावर तिने आधी जिल्हा मारला, मग विभाग मारला, आणि आता देशभरातल्या ज्येष्ठ खेळाडूंच्या स्पर्धेसाठी तिची निवड झाली होती. निवडीचं पत्र फ्रिजच्या दारावर चिकटवलेलं होतं. स्पर्धा देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. पहिली मॅच गुरुवारी सकाळी दहा वाजता. दहा मिनिटं उशीर झाला तर मॅच समोरचीला बहाल आणि आपण परत, असं पत्रात ठळक अक्षरांत छापलेलं होतं.

"बाबा, आपल्या विमानतळावरून दिवसाला तीनच विमानं आहेत," लेक समजावणीच्या सुरात म्हणाली. "तिन्ही मोठ्या शहरात जातात, तिथून पुढचं धरायचं. बुधवारी सकाळी सहा चाळीसला निघालं की सात पन्नासला मोठ्या शहरात, आठ चाळीसला पुढचं, दुपारी बारापर्यंत मुक्कामाला. किती सरळ आहे!"

"मध्ये किती मिनिटं?"

"पन्नास."

"पन्नास!" कंट्रोलर खुर्चीत ताठ झाले. "अगं, पन्नास मिनिटांत आमच्या स्टँडवर माणसाला संडास सापडत नाही."

"मग हे घ्या. आदल्या दिवशी दुपारी सव्वादोनचं. मध्ये पाच तास."

"हे मुक्कामी नाही, येणारं आहे. येणाऱ्याचा भरवसा नाही."

"मग शेजारचे काका म्हणत होते तसं करू. पाच तास बसने त्या दुसऱ्या मोठ्या विमानतळावर जायचं, तिथून थेट विमान आहे. बदलायची भानगडच नाही."

"बसने?" कंट्रोलरांनी लेकीकडे दयेने पाहिलं. "बसचा काय भरवसा?"

लेकीने लॅपटॉप मिटला. कंट्रोलर म्हणाले, "घाई करू नकोस. मी चौकशी करतो, मग सांगतो. तोवर तिकीट काढायचं नाही." बायकोने बॅट कव्हरमध्ये घातली, चेन ओढली आणि ती सरावाला निघून गेली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर कंट्रोलर निव्वळ विक्षिप्त वाटतील. सुट्टी लागली की सगळं जग प्रवासाला निघतं, आणि जग निघालं की कंट्रोलरला रजा नसते. त्यामुळे चौतीस वर्षांत ते बायकोला घेऊन कुठेही गेले नव्हते. लग्नानंतरच्या सहलीलासुद्धा त्यांनी तिला खिडकीची जागा बघून दिली, शेजारी तिच्या बहिणीला बसवलं, आणि स्वतः गाडीच्या वेळेची नोंद करायला केबिनमध्ये परत गेले. तेव्हा त्यात त्यांना काही वावगं वाटलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर, दुपारच्या रिकाम्या वेळात, ते वाटायला लागलं. हा एक प्रवास तरी आपल्या हातून चोख झाला पाहिजे, एवढंच त्यांच्या मनात होतं. ते त्यांनी कोणाला बोलून मात्र दाखवलं नव्हतं.

त्याच दुपारी त्यांनी विमान कंपनीला फोन लावला. अर्धा तास संगीत ऐकल्यावर एक गोड आवाजाची मुलगी आली.

"सर, मी आपली काय मदत करू शकते?"

"तुमचं आमच्या गावचं सकाळचं विमान आहे ना, ते रात्री कुठे झोपतं तेवढं सांगा."

"सर, आपल्याला झोपायची सोय हवी आहे का? आमच्याकडे पाय लांब करता येतील अशी सीट आहे."

"मला नको. विमानाचं विचारतोय."

"विमानाला सीट नसते सर."

मग पुन्हा संगीत लागलं. कंट्रोलरांनी फोन ठेवला. त्यांच्या खात्यात जी गोष्ट फोनवर कळत नसे, ती जागेवर जाऊन बघत.

विमानतळ गावापासून सहा किलोमीटरवर होता. एक बुटकी इमारत, समोर चार फुलझाडं, सामानाचा एकच पट्टा, एक कॅन्टीन. तारेच्या कुंपणाबाहेर ओढ्यावरचा लहान पूल होता. शनिवारी पहाटे कंट्रोलर पाण्याची बाटली, छत्री आणि जुनी नोंदवही घेऊन त्या पुलाच्या कठड्यावर जाऊन बसले. विमान आलं की वेळ लिहायची, जिना लागला की लिहायची, उतरणारे मोजायचे, चढणारे मोजायचे, सुटलं की लिहायची. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांना आपण कामाचे आहोत असं वाटलं. पहिल्या दिवशी ते घरी शीळ घालत आले. रविवारीही गेले. सोमवारीही गेले.

एकच अडचण होती. पहाटे ते पोचायचे तेव्हा सकाळचं विमान आधीच उभं असायचं. ते रात्रभर मुक्कामी होतं की नुकतंच आलं, हे रात्री थांबल्याशिवाय कळणार कसं? आणि रात्री पुलावर बसायला बायकोने साफ मनाई केली होती. तेव्हा सोमवारी दुपारी त्यांनी फाटकावरच्या सुरक्षारक्षकालाच गाठलं.

"काय हो, रात्री इथे पहाऱ्याला किती जण असता?"

रक्षक त्यांच्याकडे बघत राहिला. "का?"

"सहज. आणि रात्री विमान इथे उभं असलं, तर त्याला कुलूपबिलूप लावता का?"

रक्षकाने शांतपणे शिट्टी तोंडात घातली.

पाचव्या मिनिटाला कंट्रोलर विमानतळाच्या व्यवस्थापिकेसमोर बसले होते आणि त्यांची नोंदवही तिच्या हातात होती. बाई चाळिशीच्या, केस घट्ट बांधलेल्या, चेहरा त्याहून घट्ट.

"'सहा बारा, जिना लावला, जिनेवाला एकटाच.' हे काय आहे काका?"

"नोंद."

"'पाठीमागच्या तारेला भोक आहे, कुत्री ये-जा करतात.' हे?"

"तेवढं बुजवून घ्या, म्हणून लिहून ठेवलं."

"आणि 'सहा वाजून वीस मिनिटांनी फाटकावर कोणी नसतं'?"

रक्षक मागे खाकरला. "तेव्हा मी चहा आणायला जातो, मॅडम."

घरी फोन गेला. लेक कामावर होती, म्हणून निरोप सरावाच्या हॉलवर गेला. वीस मिनिटांत बायको आली ती खेळाच्या बुटांत, घामेजलेली, हातात बॅट तशीच. दाराशी उभ्या राहिलेल्या रक्षकाने बॅट बघून तिला आपणहून वाट करून दिली.

"अहो, काय केलंत?"

"काही नाही गं. चौकशी."

"हे बसचे कंट्रोलर होते हो, चौतीस वर्षं," ती व्यवस्थापिकेला म्हणाली. "ह्यांना गाडी दिसली की वेळ लिहितात. आमच्या लग्नात वरात किती वाजता निघाली आणि किती वाजता पोचली, तेसुद्धा लिहिलंय ह्यांनी."

"अकरा मिनिटं उशीर," कंट्रोलर म्हणाले. "बँडवाल्यांमुळे."

व्यवस्थापिकेचं मात्र लक्ष नव्हतं. ती वहीचं एक पान परत परत वाचत होती. "काका, हे दुपारच्या विमानाचं काय लिहिलंय? 'विमान वेळेवर. जिना नऊ मिनिटं उशिरा. जिन्यापुढे कॅन्टीनचा टेंपो.' दुसऱ्या दिवशी अकरा मिनिटं, टेंपो. तिसऱ्या दिवशी चौदा, टेंपो."

"टेंपोवाला आत गप्पा मारत बसतो आणि जिनेवाला त्याला शोधत फिरतो. पुलावरून सगळं दिसतं."

व्यवस्थापिकेने वही खाली ठेवली. "वरचं ऑफिस सहा महिने मला विचारतंय, दुपारचं विमान रोज उशिरा का सुटतं. मी हवामान लिहून पाठवतेय." तिने घंटी वाजवून तीन चहा मागवले. कंट्रोलरांनी संधी साधली.

"मॅडम, एकच सांगा. सकाळचं विमान मुक्कामी आहे का?"

"म्हणजे?"

"रात्री इथेच झोपतं का?"

"हो. रात्री येतं, इथेच थांबतं. सकाळी सहा चाळीसला सुटतं. वर्षभरात दोनदा उशीर झाला असेल."

कंट्रोलरांचा चेहरा उजळला. त्यांनी तिथल्या तिथे लेकीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज मोठा केला. "काढून टाक! बुधवारचं सहा चाळीस. दोन तिकिटं."

"दोन?" लेक म्हणाली. "दोन कशाला? आणि थांबा, इथे एकच जागा दाखवतंय."

"एकच? शुक्रवारी बऱ्याच होत्या."

"एक तर मीच घेतली," बायको म्हणाली. "मागच्या रविवारी. संघटनेला सोमवारपर्यंत तिकिटाची प्रत पाठवायची होती. हॉलवर मैत्रिणीने काढून दिलं."

"मागच्या रविवारी? मग मी इथे तीन दिवस काय करत होतो?"

"रोज सकाळी किती खुशीत निघायचात! सांगून तुमचा विरस कशाला करायचा, म्हटलं."

"पण एकच काढलंस?"

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं. "म्हणजे? तुम्ही येणार होतात?"

व्यवस्थापिकेने चहाचा कप तोंडाला लावला आणि तो तसाच धरून ठेवला.

"मी बघायला येणार नाही, असं वाटलं तुला?"

"तुम्ही बोललात कुठे? तुम्ही विमानं बघत होता. मला वाटलं, नेहमीसारखं मला नीट बसवून द्याल." ती खरं तेच बोलत होती, आणि त्यामुळेच कंट्रोलरांना ते जास्त लागलं. आपण किती गाड्या वेळेवर सोडल्या याचा त्यांना अभिमान होता. त्यातल्या एकीतही आपण तिच्याशेजारी बसलो नाही, हे त्यांना या परक्या ऑफिसात, रक्षकासमोर, लख्ख दिसलं.

"येणार होतो," ते म्हणाले. "येणार आहे. ती राहिलेली जागा माझी. काढ गं ती."

फोनमधून लेकीचा आवाज आला, "बाबा, गेली."

"कोण गेली?"

"जागा. तुम्ही दोघं बोलत होता तेवढ्यात."

शेवटी उरलं ते उद्याचं, मंगळवारचं, दुपारी सव्वादोनचं विमान. येणारं. मध्ये पाच तासांचं. कंट्रोलरांनी डोळे मिटून होकार दिला, आणि मग त्यातलीही बाजू त्यांना दिसली. "हे बरंच झालं," ते बायकोला म्हणाले. "मी आदल्या दिवशी पोचतो. बुधवारी तू उतरलीस की मी दारात उभा. माझ्याकडे पाच तास आहेत, माझं काही चुकणार नाही. काळजी तुझीच आहे. पन्नास मिनिटांत तुला दुसरं विमान गाठायचंय. उतरलीस की रेंगाळू नकोस, कोणाशी बोलत बसू नकोस."

"बरं," बायको म्हणाली.

मंगळवारी सव्वादोनचं विमान सहा महिन्यांत पहिल्यांदाच दोन पंधराला सुटलं. जिन्यापुढे टेंपो नव्हता. व्यवस्थापिका स्वतः इमारतीच्या दाराशी उभी होती, आणि कंट्रोलरांनी खिडकीतून तिला अंगठा दाखवला. आयुष्यातला त्यांचा हा पहिला विमानप्रवास, पण भीती वाटायला वेळच झाला नाही; सुटल्याची वेळ लिहायची होती.

साडेतीनच्या सुमाराला ते मोठ्या शहरात उतरले आणि त्या दालनातल्या अवाढव्य फलकासमोर येऊन थबकले. शंभर-सव्वाशे विमानं. प्रत्येकाची वेळ, प्रत्येकाचं दार, कोण वेळेवर, कोण उशिरा, सगळं एका भिंतीवर. आपल्या डेपोतला खडूने लिहायचा फळा आठवून त्यांना भरून आलं. अर्धा तास ते तिथून हललेच नाहीत.

त्यांच्या अंगात कडक इस्त्रीचा पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात वही. साहजिकच एका घाबऱ्या आजीबाईंनी त्यांनाच विचारलं, "साहेब, हे विमान कुठून सुटतं हो?" कंट्रोलरांनी फलक वाचला. "दार क्रमांक बावीस. डावीकडून सरळ. तुमच्याकडे चाळीस मिनिटं आहेत, सावकाश जा." आजी दुवा देत गेल्या. त्यांच्यामागे एक जोडपं उभं होतं. जोडप्यामागे एक गृहस्थ. बघता बघता रांग लागली. कोणाला कुठलं दार, कोणाचं सामान कुठे, कोणाला आधी संडास आणि मग दार. कंट्रोलर उभ्या उभ्या सगळं निकाली काढत होते. एका सफाई कामगाराने त्यांना खुर्ची आणून दिली. चार तास कसे गेले ते त्यांना कळलं नाही.

आठ वाजता ते आपल्या दाराशी पोचले, म्हणजे वेळ पाळली. पण तिथली रांग बघवत नव्हती. लोक तीन-तीनच्या घोळक्याने पुढे घुसत होते आणि दाराशी उभी असलेली मुलगी रडकुंडीला आली होती. कंट्रोलरांनी वही काखेत मारली. "चला, एकामागे एक! मागच्या जागावाले आधी! ताई, लेकराला कडेवर घ्या. दादा, तो बोर्डिंग पास उघडून हातात धरा." पाच मिनिटांत रांग सरळ झाली. मुलीने कृतज्ञतेने मान हलवली. वरच्या ऑफिसातून कोणी साहेब आले असावेत, असं तिला वाटलं. एक एक उतारू आत जात होता आणि कंट्रोलर वहीत रेघ मारत होते.

"सर, एक प्रवासी कमी आहे," मुलगी यादी बघत म्हणाली.

"असतात असले बेजबाबदार लोक," कंट्रोलर म्हणाले. "एका माणसापायी सगळी गाडी खोळंबते. थांबा, मी बघतो."

त्यांनी चहाच्या ठेल्यावर पाहिलं. संडासात जाऊन हाक मारली. खुर्च्यांवर पेंगत असलेल्या दोघांना हलवून विचारलं. मग परत येऊन घड्याळ पाहिलं. आठ अठ्ठावीस.

"नाही सापडला. उगाच बाकीच्यांना शिक्षा नको. सोडा गाडी."

मुलीने दार लावलं. काचेतून विमान मागे सरकताना दिसलं. कंट्रोलरांनी 'आठ तीस, वेळेवर' असं लिहिलं आणि समाधानाने पेन खिशात खोचलं. पेन नीट जाईना. खिशात काहीतरी आडवं होतं. त्यांनी ते बाहेर काढलं. तो त्यांचा पास होता.

त्यानंतर कंपनीच्या खिडकीवर जे संभाषण झालं ते थोडक्यात असं.

"सर, तुम्ही तर पाच तास आधी आला होतात?"

"हो."

"मग होतात कुठे?"

"दाराशीच."

खिडकीवरच्या माणसाने त्यांच्याकडे नीट पाहिलं, वय पाहिलं, आणि आणखी काही न विचारता सकाळच्या पहिल्या विमानात जागा करून दिली. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"अहो, आहात कुठे?"

"विमानतळावर."

"पोचलात ना नीट?"

"विमानतळावर नीट पोचलो."

"जेवलात?"

"जेवलो."

तिन्ही उत्तरं खरी होती. फोन ठेवल्यावर मात्र त्यांना स्वतःची लाज वाटली. बाकावर बॅग उशाला घेऊन ते आडवे झाले आणि सकाळी सफाईवाल्याने हलवून उठवलं तेव्हा जागे झाले. पासवरची वेळ पाहिली आणि त्यांची झोप उडाली. आठ चाळीस. म्हणजे बायको पन्नास मिनिटांत धावत येऊन गाठणार होती, तेच विमान!

साडेसातलाच ते दाराशी जाऊन उभे राहिले. सहा चाळीसचं मुक्कामी विमान अकरा मिनिटं लवकर उतरल्याचं फलकावर आलं. कंट्रोलरांची छाती फुगली. आता ती येईलच. त्यांनी लांबलचक वाटेच्या तोंडावर नजर लावली. आठ वाजले. आठ दहा. दारात रांग लागली आणि संपली. फोन लावला तर बंद. आठ वीस झाले तेव्हा ते दारापासून वाटेच्या तोंडापर्यंत येरझारा घालायला लागले. वाट चुकली असेल. कोणाला विचारायला थांबली असेल. कालच्या आजींना दार दाखवायला आपण होतो, हिला दाखवायला कोण आहे? उद्या दहाला टेबलाच्या त्या बाजूला समोरची उभी राहील, या बाजूला कोणीच नसेल, आणि पंच घड्याळ बघेल.

"काका, चला आत," दाराशी असलेला तरुण म्हणाला.

"माझी मिसेस यायची आहे."

"दार बंद करायची वेळ झाली."

"दोन मिनिटं थांबा. तिची उद्या मॅच आहे. फार मोठी आहे हो." कंट्रोलरांचा आवाज चिरकला. बोलताना ते नेमके दाराच्या मध्यभागी जाऊन उभे राहिले. "मी जन्मात कोणासाठी गाडी थांबवली नाही. मंत्र्याच्या मेव्हण्यासाठी नाही थांबवली. आज थांबवा म्हणतोय. आयुष्यभर तिला गाडीत बसवून मी मागे राहिलो. आज ती मागे राहणार आणि मी जाणार? मी नाही जायचा."

तरुण गोंधळला. आठ चव्वेचाळीस झाले होते. त्याने यादी वरून खाली पाहिली. "पण काका, सगळे आत बसलेत. एकच प्रवासी राहिलाय."

"तीच ती!"

"नाही काका. तुम्ही."

लहान गावाहून आलेल्या पाच प्रवाशांना, वेळ थोडा म्हणून, कंपनीने एका विमानातून उतरवून गाडीने थेट दुसऱ्या विमानापाशी नेलं होतं. कंट्रोलर ज्या वाटेवर डोळे लावून बसले होते, त्या वाटेने बायको आलीच नव्हती.

ते विमानात शिरले तेव्हा दीडशे माणसं त्यांच्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघत होती. ही नजर ते ओळखत होते. फक्त आजवर ती दुसऱ्यांसाठी असायची. मान खाली घालून ते पुढे सरकत गेले. नवव्या रांगेत खिडकीशी बायको बसली होती, मांडीवर बॅटचं कव्हर.

"तुम्ही?" तिचे डोळे मोठे झाले. "तुम्ही तर तिकडे दारात उभे राहणार होतात ना?"

"तुला घ्यायलाच आलोय."

"अर्ध्या वाटेत?"

कंट्रोलरांनी काल रात्रीचं सगळं सांगून टाकलं. कमी असलेला प्रवासी, चहाचा ठेला, संडासात मारलेली हाक, सोडा गाडी. सांगताना त्यांना वाटलं, ती आता चारचौघांत खडसावेल. पण बायको हसायला लागली. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिच्या शेजारच्या जाडगेल्या गृहस्थांना ते सगळं आपल्या डोक्यावरून चाललेलं असह्य झालं असावं. ते उठले आणि म्हणाले, "तुम्ही इथे बसा साहेब, मी तुमच्या जागेवर जातो. पण आता विमान सुटू द्या."

कंट्रोलर बसले. पट्टा त्यांना लागेना, तो तिने लावून दिला.

"मी डबा घेऊन स्टँडवर यायचे, आठवतं?" ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही माईकवरून गाडी पुकारायचात, ती सुटायची. दरवेळी मला वाटायचं, एकदा तरी ह्यांनी तो माईक खाली ठेवावा आणि मला म्हणावं, चल, चढू या."

कंट्रोलरांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला.

"चढलो की," ते म्हणाले.

"सहा मिनिटं उशिरा."

"पण चढलो की."

विमान हललं. बायकोने खिडकीकडे पाहिलं आणि मग आपली जागा बदलायला पट्टा सोडायला लागली. "तुम्ही बसा खिडकीशी. मी आत्ताच एक बघून आलेय."

"नको, तू बस," कंट्रोलर म्हणाले. "मला इथून दिसतंय."